समान हक्काची दोन चाकं

रोबोनं कुठं वळायचं हे कुणी ठरवावं, असा प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारलाय?

मी विचारला होता आणि उत्तर छापूनही टाकलं होतं. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. मी वाचायला शिकलो तेच मुळी 'कामगार बंधू-भगिनींनो'वर. त्यामुळे कॉलेजच्या स्पर्धेसाठी रोबो जोडायची वेळ आली, तेव्हा मी गुलाबी कागदावर जाहीर केलं: पुढच्या चाकांनी दिशा ठरवायची आणि मागच्यांनी नुसतं ढकलायचं, ही मोटारगाडीची पद्धत म्हणजे निव्वळ सरंजामशाही! आमच्या रोबोत डाव्या-उजव्या चाकाला आपापली मोटर असेल. वळायचं तर एकानं थांबायचं, दुसऱ्यानं चालायचं. स्टिअरिंग मुर्दाबाद!

माझ्या जोडीदार मित्राला गाडीचीच पद्धत हवी होती. "सरळ तर जाते की बे ती!"

"आणि स्पर्धेच्या त्या अरुंद बोळात? तुझी गाडी मागं-पुढं करत बसेल. माझा रोबो जागच्या जागी वळेल."

शेवटी ठरलं: कुंभारी गावी त्याच्या घरच्या ओसरीत माझा रोबो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेला तर स्पर्धेला तो, नाहीतर त्याची गाडी.

दोन्ही मोटरींना अगदी समान वीज दिली आणि सोडला. रोबो डावीकडे झुकत झुकत गेला तो थेट विड्या वळत बसलेल्या त्याच्या आईच्या, म्हणजे मावशींच्या, सुपात.

"रोबो पण डावाच निघाला की बे तुझा!" मित्र पोट धरून हसत होता.

"मोर्चाला नेऊ नगा रं ह्येला," तंबाखू झटकत मावशी म्हणाल्या. "पोलीस ऱ्हायले बाजूला, माज्यावरच चाल करून आला की."

मोटरी एकाच खोक्यातल्या, पण डावी जरा अशक्त होती.

"डाव्याला थोडं जास्त दे," मित्र म्हणाला.

"पक्षपात? कदापि नाही!"

त्यानं माझंच पत्रक उचललं आणि माझ्या सभेतल्या आवाजात शेवटची ओळ वाचली, "'ज्याचं बळ कमी, त्याला आधार जास्त!' हे कुणी लिहिलं बे?"

मी प्रोग्राममध्ये डाव्या चाकाच्या विजेचा आकडा वाढवला. रोबो नाकासमोर चालत गेला आणि समोरच्या भिंतीला टेकला. स्पर्धेला तोच गेला.

तेव्हा दोन मोटरींचा रोबो जोडणाऱ्यांनो, आजच त्याला फरशीवर सोडून बघा. तिरका गेला तर शिव्या देऊ नका. कुठलं चाक मागं पडतंय ते शोधा आणि त्याला वाढवून द्या.