आधी हात दाखव

परब साहेब माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, आधी हातांकडे बघायचे. कांदिवलीच्या आमच्या प्रेसमध्ये मी पहिल्या दिवशी हजर झालो, नमस्कार केला, तर त्यांनी माझे जोडलेले हात सोडवले, उलटे केले, सुलटे केले, नखं तपासली. मग म्हणाले, "मशीनवरचोच आसस. बस." मला वाटलं, हा सुपरवायझर आहे की ज्योतिषी?

प्रेस म्हणजे विद्यापीठाचं मुद्रणालय. कॅन्टीनच्या मागे, तळमजल्यावर, खिडक्यांना बारीक जाळी. वर्षभर आम्ही कोऱ्या उत्तरपत्रिका, प्रमाणपत्रं, माहितीपुस्तिका छापायचो आणि परीक्षा जवळ आल्या की दार बंद करून प्रश्नपत्रिका. त्याला आम्ही 'गुप्त काम' म्हणायचो. ते सुरू झालं की मोबाइल बाहेर म्हात्रे वॉचमनच्या पेटीत, चहा बाहेर, गप्पा बाहेर. संध्याकाळी सुटताना रांग लागायची. साहेब एकेकाचे तळवे बघणार, खिसे उलटे करायला लावणार, शेवटी बुटांचे तळ. ओल्या शाईचा कागद घडी करून लपवला की डाग कुठेतरी उमटतोच, असं त्यांचं म्हणणं. आमच्या हातांना डाग तर रोजच असायचे, पण मशीनचा डाग कुठला आणि कागदाचा कुठला हे त्यांना कळायचं म्हणे.

एक मात्र खरं, रांगेत पहिले ते स्वतः उभे राहायचे. म्हात्र्यांना सांगायचे, "पयलो माका तपास." म्हात्रे बिचारे लाजायचे. एकदा साहेबांच्या डब्यात सुका बोंबील होता. म्हात्रे माळकरी माणूस, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "जाऊ द्या साहेब, डब्यात काय असणार?" साहेब हलेनात. सगळी रांग खोळंबली, पण डबा उघडला, बोंबील चमच्याने बाजूला सारून तळ दाखवला, मगच रांग पुढे सरकली. "विश्वास घराक ठेवचो. हयसर मोजणी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मोजणी म्हणजे कोऱ्या कागदांची. स्टोअरमधून जितके कागद मशीनवर आले तितके परत दिसले पाहिजेत. चांगले छापलेले एका बाजूला, खराब निघालेले दुसऱ्या बाजूला. खराब कागद मधोमध फाडून पोत्यात, पोत्यावर सील. एकही कागद इकडचा तिकडे झालेला चालत नसे.

एरवी साहेब आमच्याशी अरेतुरेत आणि मालवणीत बोलायचे. पण कुणाचा संशय आला की एकदम पुस्तकी मराठी आणि अहोजाहो. "कदम, आपण जरा इकडे येता का?" असं ऐकलं की कदम न सांगताच खिसे उलटे करायला लागायचा. माझं तर डोकं सटकायचं. बारा बारा तास उभं राहून काम करायचं आणि वर चोरासारखे हात दाखवायचे. आम्ही पण काही कमी नव्हतो. जेवताना आमचं एकच चालायचं, एवढा तपासतो तर याच्यावर कोण नजर ठेवतो? सगळे गेल्यावर हा परत आत जाऊन अर्धा तास काय करतो? याची काळी बॅग रांगेत कधी येत नाही, आतच राहते, आणि एवढी फुगलेली का? खरं सांगतो, दोनदा मी जाळीतून डोकावून पण बघितलं. एकदा ते पोत्यांची सीलं बोटाने चाचपत होते, एकदा नुसते खुर्चीत पाय लांब करून बसले होते. माझा संशय काही गेला नाही.

माझी स्नेहल तेव्हा आमच्याच विद्यापीठात कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. नियम असा की घरातलं कुणी परीक्षेला असेल तर आधी लिहून द्यायचं, मग त्या मोसमात तुम्हाला गुप्त कामावर ठेवत नाहीत, बाइंडिंगला पाठवतात. मी लिहून दिलं नाही. आदल्या वर्षी कदमने दिलं होतं, तर त्याच्या पोराला चांगले मार्क पडल्यावर लोक काय काय बोलले ते मी ऐकलं होतं. माझ्या पोरीने रात्रंदिवस अभ्यास करायचा आणि नाव बापाच्या प्रेसचं व्हायचं? अंधेरीच्या एका ऑफिसात तिची नोकरी जवळजवळ पक्की होती, फक्त निकाल लागायचा होता. आणि देवाशपथ सांगतो, मशीनवर असताना मी अक्षरं वाचत नाही. शाई बसली की नाही तेवढंच बघतो.

त्या दिवशी अकाउंट्सचा पेपर मशीनवर होता. स्नेहलचाच. दुपारी मोजणी झाली आणि एक कागद कमी आला. साहेबांनी पुन्हा मोजलं. मग कदमकडून मोजून घेतलं. एक कमीच. त्यांनी दाराला आतून कडी घातली. पोतं फोडलं, फाडलेले अर्धे अर्धे कागद जमिनीवर जोडून मांडले. आम्हा सहा जणांचे खिसे, मोजे, डबे, सगळं झालं. काही नाही. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"शिर्के, आपल्या घरचं कोणी या परीक्षेला बसणार आहे का?"

याला कोणी सांगितलं? की यानेच कागद काढून ठेवला आणि आता मला अडकवतोय? भीतीने माणूस काय बोलेल त्याचा नेम नसतो. मी म्हटलं, "साहेब, आमचं सगळं झालं. तुमची बॅग राहिली. ती उघडा आधी."

कदमने माझा शर्ट मागून खेचला. साहेबांनी बॅग आणून टेबलावर पालथी केली. रेनकोट, चष्म्याचं घर, बायकोच्या गोळ्यांची पाकिटं आणि पाय पुसायला घडी करून ठेवलेला जुना टॉवेल. "बरोबर इचारलंस," ते म्हणाले. "ह्यां कोणीतरी कदीच इचारूक होया होतां." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग त्यांनी माझे हात पुन्हा हातात घेतले. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली रबराचा काळा चुरा अडकला होता. साहेबांनी तो उकरून आपल्या बोटावर घेतला. "सकाळी छाप फिको येय होतो. तेव्हा काय केलंस?"

आणि मला आठवलं. मशीनच्या सिलिंडरला रबराची चादर गुंडाळलेली असते. छाप फिका आला की ती सैल करायची, खाली एखादा कागद सरकवायचा आणि परत आवळायची. दाब वाढतो, छाप गडद येतो. प्रत्येक मशीनमन हे दिवसातून दोन-चार वेळा करतो, बाजूला पडलेला कुठलाही कागद घेऊन. गुप्त कामात मात्र त्यासाठी वेगळे कोरे कागद दिलेले असतात. मी सवयीने हाताला लागेल तो ओढला होता. चादर सोडली, तर खाली अकाउंट्सचा पेपर, पालथा, माझ्या अंगठ्याच्या ठशासकट.

मी खाली बसलो. म्हटलं, "साहेब, माझी मुलगी याच परीक्षेला आहे. मी लिहून दिलं नव्हतं." आणि हात जोडले. कागद सापडला ना, मग हे रजिस्टरमध्ये लिहू नका, माझी नोकरी जाईल, पोरीचा निकाल अडकेल, असं काय काय बोललो. रडलो पण.

त्यांनी सगळं लिहिलं. कागद किती वाजता कमी आला, कुठे सापडला, कोणाच्या हातून गेला, कोणाकोणाला तपासलं. शिर्क्यांच्या मागणीवरून सुपरवायझरची बॅग तपासली, हे पण. शिर्क्यांची मुलगी परीक्षेस आहे, त्यांनी स्वतः सांगितलं, आजपासून त्यांना गुप्त कामावरून काढलं. शेवटची ओळ अशी, मोसमाच्या सुरुवातीला ही चौकशी सुपरवायझरने करायला हवी होती, ती केली नाही, चूक सुपरवायझरची. खाली माझी सही घेतली. मी बाइंडिंगला गेलो आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. मनातून शिव्या घालायचो. एवढा गळा काढला तरी या माणसाला पाझर फुटला नाही, याचा राग होता.

अकाउंट्सच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी पेपर फुटला. मोबाइलवरून फोटो फिरले. दुपारपर्यंत प्रेसमध्ये चौकशीची माणसं आली आणि त्यांना पहिलं नाव कळलं ते माझं. मशीनमन, मुलगी त्याच परीक्षेला, लपवून ठेवलेलं. घरी स्नेहल जेवली नाही. "पप्पा, तुम्ही काही केलं नाही ना?" एवढंच तिने विचारलं. माझ्याच पोरीला माझा संशय आला, आणि मला तिचा राग सुद्धा आला नाही.

साहेबांनी रजिस्टर पुढे ठेवलं. त्या पानावर तारीख परीक्षेच्या कितीतरी आधीची होती. चौकशीच्या साहेबाने वाचलं आणि विचारलं, "या माणसावर तुमचा संशय नव्हता?"

"होता," परब साहेब म्हणाले. "म्हणून तपासला. आता नाही."

मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. फोटोत दिसणाऱ्या पाकिटावरच्या केंद्र क्रमांकावरून कळलं की पेपर दूरच्या एका केंद्रावरून फुटला होता. फेरपरीक्षा झाली, स्नेहल पास झाली, अंधेरीला नोकरीला लागली. मला लेखी ताकीद मिळाली. साहेबांना त्यांच्याच शेवटच्या ओळीवरून ठपका आला आणि निवृत्तीनंतर एक वर्ष वाढवून मिळणार होतं ते गेलं. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी पोरीचंच विचारलं, "चेडू काय म्हणता? जेवता मा बरोबर?"

त्यांचा शेवटचा दिवस गुप्त कामाचा नव्हता. आता बरेचसे पेपर ऑनलाइनच जातात. हार झाले, पेढे झाले. संध्याकाळी सगळे दारापर्यंत आले, तर साहेब अडले. म्हात्रे पुढे झाले, तर साहेबांनी त्यांना हाताने बाजूला केलं आणि माझ्याकडे बघून तळवे पुढे केले.

"साहेब, आज कशाला?"

"नीट बघ. सोडलंस तर माझ्यामागे लोक काय पण बोलतले."

मी त्यांचे हात उलटे केले, सुलटे केले. नखं बघितली. खिसे उलटे केले, बॅग पालथी केली, डबा उघडला. सोलकढीचा वास होता. गुडघे दुखत होते तरी त्यांनी भिंतीला धरून एकेक बूट वर केला. कोणी हसलं नाही. मग मी रजिस्टर काढलं आणि लिहिलं, श्री. परब, सुपरवायझर, तपासले, काही सापडलं नाही. सही केली.

साहेबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"येळ लिवलंस नाय," ते म्हणाले.

मी वेळ लिहिली. मग ते गेले.