मोकळा व्हायच्या आधीचं वर्ष

सांगायला लाज वाटते, पण मिलिंद गेल्याची बातमी कानावर आली तेव्हा मी हसलो होतो. सप्टेंबर संपत आला होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील. आयर्लंडात, स्वोर्ड्स गावच्या ऑफिसात मी चहा घेत होतो आणि सँडीफोर्डच्या माझ्या जुन्या ऑफिसातून मिलिंदच्या मॅनेजरचा, ब्रेंडनचा, फोन आला. पूर्वी मीही त्याच्याच हाताखाली होतो, त्यामुळे ओळख होती. "मिलिंद इज गॉन," तो म्हणाला. मिलिंदच्या वर्क परमिटची पाच वर्षं भरायला अकरा दिवस राहिले होते आणि ती भरली की तो नोकरी सोडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं... निदान तेव्हा तसं वाटत होतं. पठ्ठ्याला अकरा दिवसही दम निघाला नाही, राजीनामा देऊन मोकळा झाला, असा मी अर्थ लावला. "फेअर प्ले टू हिम!" इथल्या पद्धतीनं मी मोठ्यानं शाबासकी दिली. मग ब्रेंडननं तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मिलिंद सकाळी डेस्कवर बसल्या बसल्या कोसळला होता. अँब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही. सदतीस वर्षांचा होता. मराठीत कुणी 'गेला' म्हटलं असतं तर काळजात चर्र झालं असतं. इंग्रजीत ऐकलं म्हणून मी हसलो की काय, हे मला अजून उमगलेलं नाही.

मिलिंद नागपूरचा, मी पुण्याचा. एरवी एवढ्यावरच मैत्री अडली असती. पण २००१ साली तो आयर्लंडला आला तेव्हा त्याला माझ्या शेजारचं टेबल मिळालं. वर्षभरात कंपनीनं त्याला सहा आठवडे अमेरिकेला पाठवलं, तिथे कुणीतरी त्याला बेसबॉलच्या सामन्याला नेलं, आणि तो परत आला तो खुळावूनच. मला तो खेळ आजही कळत नाही. विटीदांडूला कुणीतरी गणवेश घातलाय, एवढंच माझं मत आहे. मिलिंद मात्र रोज सकाळी आल्या आल्या आदल्या दिवशीचा निकाल उघडायचा आणि एकाच खेळाडूनं काय केलं ते मला वाचून दाखवायचा. इथले लोक 'तो अमका' म्हणायचं असलं की 'युअर मॅन' म्हणतात. मिलिंदही त्या खेळाडूला कायम तेच म्हणायचा. पहिले काही दिवस मी समजत होतो, हा माझाच कुणीतरी माणूस आहे आणि तो हरला तर जबाब मला द्यावा लागेल. मी स्वोर्ड्सला नोकरी धरल्यावर हेच वाचन ई-मेलनं यायला लागलं.

बेसबॉलमध्ये खेळाडू पहिली काही वर्षं एकाच संघाला बांधलेला असतो. ती भरली की तो 'फ्री एजंट' होतो, म्हणजे मनाला येईल त्या संघात जायला मोकळा. आमचं परमिटही त्याच जातीचं. ते कंपनीनं काढलेलं असायचं. नोकरी सुटली की पायाखालची जमीनच गेली. पाच वर्षं काढली की अर्ज करायचा, मग कुठंही काम करायची मुभा. मी त्यातून आधीच सुटलो होतो. मिलिंदनं मात्र कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात 'फ्री एजंट' लिहून ठेवलं होतं. त्याची बायको प्राची नागपुरात आर्किटेक्ट होती. इथे तिला कामाची परवानगीच नव्हती. पाच वर्षं ती बाल्कनीतून सँडीफोर्डच्या क्रेन बघत होती आणि या लोकांना खिडक्या कुठे काढाव्यात ते कळत नाही म्हणून चिडत होती. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

मिलिंदचं शेवटचं वर्ष आणि युअर मॅनचं शेवटचं वर्ष एकदमच आलं. आधी बेताचाच खेळणारा तो गडी त्या उन्हाळ्यात असा काही सुटला, की मिलिंदच्या ई-मेल दुप्पट लांब झाल्या. "दादा, युअर मॅन पेटून राहिला ना बाप्पा!" एकदा तर त्यानं त्यासाठी फोनच केला. मी म्हणालो, करार संपतोय म्हणून पेटलाय, पुढच्या संघाला दाखवायला. "तुम्ही पुणेकर ना, हरेक गोष्टीत खोट काढून राहिले. अहो, सुटायची तारीख दिसली की हात मोकळे चालतात. दाखवायचं कुणाला आहे?" त्याचे स्वतःचेही हात तसेच चालत होते. दोन वर्षं रखडलेलं एक काम त्यानं त्या उन्हाळ्यात उभं करून दाखवलं. नव्या पोरांना शिकवलं, मुलीला, इराला, पोहायला नेलं, पोर्टलीशच्या हॉस्पिटलात नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टर जोडप्याला घर शोधून दिलं, वर त्यांच्या पडद्यांच्या दांड्याही ठोकून आला. ऑगस्टमध्ये भेटला तेव्हा चांगलाच बारीक झाला होता. मी म्हणालो, बरा दिसतोयस. तो म्हणाला, ग्रँड एकदम. मी त्याला पुढे काही विचारलं नाही, आणि हे मला फार लागून राहिलंय.

तो गेल्यावर एक एक गोष्ट बाहेर यायला लागली आणि माझं डोकं चालेनासं झालं. मला तो म्हणाला होता, मोकळा झालो की दादा, आपण दोघं मिळून स्वोर्ड्सला छोटीशी कंपनी काढू. मी तर नावही योजून ठेवलं होतं. ब्रेंडन म्हणाला, छे, त्यानं इथेच राहायचा शब्द दिला होता, पुढच्या महिन्यापासून अख्खी टीम त्याच्याकडे येणार होती. नागपुरात त्याच्या वडिलांना त्यानं सांगितलं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कायमचा घरी येतो. तिघांना तीन गोष्टी! मिलिंद लबाड नव्हता, हे मी कुठंही सांगेन. मग काय होता? समोरच्याला जे हवं ते देऊन टाकणारा? की त्याचं त्यालाच कळत नव्हतं? आम्ही तिघंही, वडील फोनवरून, आपापली गोष्ट घेऊन प्राचीकडे गेलो आणि 'मिलिंदची इच्छा' म्हणून ती तिच्यापुढे ठेवली. तिला मात्र राहायचं की परतायचं हे खरोखरच ठरवायचं होतं, कारण डिसेंबरात तिला स्वतःच्या नावानं राहायची आणि काम करायची परवानगी मिळाली. माझ्या सांगण्यात माझा स्वार्थ होता. ती राहिली असती तर माझी गोष्ट खरी ठरल्यासारखं मला वाटलं असतं.

त्याच महिन्यात युअर मॅन जुना संघ सोडून गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी ती बातमी स्वतः उघडून वाचली आणि उगाचच संतापलो. एवढं चांगलं चाललं होतं तर गेला कशाला? की जायचं होतं म्हणून चांगलं चाललं होतं? हे सांगू शकणारा एकच माणूस होता, मिलिंद. आणि त्या वर्षानंच त्याला संपवलं का, हेही कळायला मार्ग नाही. पोर्टलीशचा डॉक्टर म्हणतो, असं काही सांगता येत नसतं. मिलिंदची मला इतकी आठवण येते की त्याचा रागच येतो.

गेल्या शनिवारी दुपारच्या जेवणाला प्राचीकडे गेलो होतो. ती पोळ्या करत होती, इरा टीव्हीपुढे. न राहवून मी पुन्हा सुरू केलं, मिलिंद मला म्हणाला होता... तिनं लाटणं थांबवलं.

"दादा, तुम्हा सगळ्यांना त्यानं काही ना काही सांगितलं. मला एकटीलाच काही सांगितलं नाही. मला त्यानं विचारलं होतं."

"काय?"

"म्हणाला, पाच वर्षं मी नेलं तिथे तू आलीस. मी सुटलो की तू ठरव. तू म्हणशील तिथे जाऊ."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तारीख तर येऊ दे." ती पुन्हा लाटायला लागली. "माझं ठरलेलं होतं हो. त्या दिवशीच सांगणार होते."

मला रडू आलं. नेमकं कुणासाठी, ते कळेना. इतक्यात फोन वाजला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून इरानं स्पीकर लावून दिला. नागपूरहून मिलिंदचे वडील होते. "प्राची बेटा, वरच्या खोलीचा रंग झाला. इलेक्ट्रिशियन येऊन बसला आहे. पंखा कुठं लावू, मधोमध की खिडकीकडे?"

प्राचीनं लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, मी इथेच राहतेय. सोमवारपासून एका आर्किटेक्टकडे कामाला लागतेय. मिलिंदनं ठरवलं नव्हतं, मी ठरवलंय."

फोनमधून रस्त्यावरच्या स्कूटरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं... बरं. मग याला काय सांगू? शिडी लावून उभा आहे तो."

"लावून घ्या, बाबा. मधोमध," प्राची म्हणाली. "मे महिन्यात आम्ही दोघी येतो. गरम होईल इराला."

त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता बाजूला धरला असावा. लांबून त्यांचा आवाज आला, "लाव रे बावा, लाव. मधोमध लाव."