क्रोम सांभाळणारी कामिनी

नशिराबादच्या थोडं पुढे, भुसावळकडे जाताना डाव्या हाताला पंक्चरचं दुकान आहे. त्याला लागून निळ्या पत्र्याची शेड दिसते. ती कामिनी सुरवाडेची. बाहेर पाटी आहे: ‘गाडीची चाकं, बंपर, सायलेन्सर – क्रोमची निगा’. पाटी लागली तेव्हा शेजारचा पंक्चरवाला हितेंद्र म्हणाला होता, “ताई, निगा माणसांची होत नाही इथं, चाकांची कोण करणार?” आता त्याच्याच दुकानासमोर तिच्याकडे आलेल्या गाड्या उभ्या राहतात, आणि जागा अडवली म्हणून तो रोज कुरकुरतो.

कामिनीने आयटीआयमध्ये मुलाम्याचं काम शिकून घेतलं. वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात निकेल आणि क्रोमच्या टाक्यांवर काम केलं. तिथे तिची नजर तयार झाली. क्रोमचा रंग किंचित निळसर आणि निकेलचा किंचित पिवळसर, हे पुस्तकात एका ओळीत येतं. पण उन्हात धरलेल्या चाकावर तो फरक ओळखायला हजारो तुकडे हाताखालून जावे लागतात.

चाकावरचा क्रोमचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. खरा जाड थर त्याच्याखालच्या निकेलचा. म्हणून कामिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगते. गाडी चालवून आल्यावर चाक तापलेलं असताना पाणी मारू नका. साधा साबण आणि मऊ फडकं वापरा, तारेची घासणी नको. आणि धुतल्यावर लगेच कोरडं करा, कारण आपल्याकडचं बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं. महिन्यातून एकदा मेण लावलं की झालं.

हे सगळं तिने पितांबर नानांनाही सांगितलं होतं. नाना भंगाळे नशिराबादचे केळीचे बागायतदार. नात भूमिका हिचं लग्न ठरलं, तेव्हा घरच्या जुन्या गाडीतूनच नवरी निघेल असं त्यांनी जाहीर केलं. मग हौसेने चारही चाकं काढून कामिनीकडे आणली. तिने ती बाहेर पाठवून त्यांवर नव्याने मुलामा करून घेतला, स्वतः तपासली, आणि नानांना शब्द दिला, “वर्षभर बघायला नको.” नानांनी हे गावभर सांगितलं. गावातली पुढची कामं त्या एका वाक्यावर येऊ लागली.

लग्नाच्या आठवड्यात नाना गाडी घेऊन आले आणि शेडमध्ये न येता रस्त्यावरच उभे राहिले.

“पोरी, बाहेर ये. पाह्य तुझं वर्ष.”

डावीकडची दोन्ही चाकं मळकट पिवळी पडली होती. कडेला पोपडे सुटले होते, नट गंजले होते. हितेंद्र टायर सोडून उठला. चहाला थांबलेले दोन ट्रकवालेही जवळ आले.

“ताई, वर्ष लय लवकर सरलं,” हितेंद्र म्हणाला.

“रविवारी नवरी निघनार या गाडीतून,” नाना म्हणाले. “लोक पुसतील, चाकं कोनी केली? काय सांगू मी?”

गाडीला एक फेरी मारून कामिनी उजव्या चाकाशी बसली. ते निळसर, स्वच्छ, तिने दिलं तसंच होतं. मग डाव्या चाकाशी बसली. पिवळेपणा म्हणजे वरचं क्रोम गेलं आणि निकेल उघडं पडलं. पण वापराने जाणारं क्रोम असं जात नाही. इथे वरून खाली ओघळ होते, कुणी तरी ओतल्यासारखे. चारही चाकांना मुलामा एका दिवशी, एका टाकीत झालेला होता. दोनच कशी गेली?

“नाना, गाडी कुठे धुता?”

“मळ्यात. पंपापाशी.”

“बोअरच्या पाण्याने?”

“मंग मळ्यात काय नळाचं आनू?”

“पांढरे डाग पडत असतील.”

“पडतात ना. ठिबकच्या नळ्यायमंदी साचते, तेच ते पांढरं...” नाना मध्येच थांबले.

कामिनीला सगळं समजलं. ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदल्या की केळीवाले त्यात अॅसिड सोडतात. क्षार विरघळतो, पाणी मोकळं वाहतं. चाकावरही तोच क्षार, मग औषधही तेच. मळ्यात उभं राहून विचार केला तर हिशोब अगदी बरोबर होता.

हितेंद्र आणि ट्रकवाले कान देऊन उभे होते. कामिनी उठली. “आत चला नाना, चहा घेऊ.”

आत नानांनी कप हातात धरून ठेवला. “अॅसिड लावलं तं फसफसलं. डाग गेले. मले वाटलं, झालं काम. धुवाले गेलो तं लाइट गेली. पंप बंद. पानी आलं तोवर...”

“आणि उजवीकडची?”

“त्यायचा नंबरच नाही आला.”

कामिनीला हसू आवरलं नाही. “लाइटने दोन चाकं वाचवली म्हणा.”

“हसू नको. रंग मारून दे. चांदीसारखा स्प्रे येतो ना?”

“रविवारी छान दिसेल. पुढच्या रविवारी सालपटं निघतील, आणि लोक म्हणतील कामिनीचं काम. नाही मारणार.”

“मंग नवरी कशी बसवू? एका अंगानं गाडी नवी, एका अंगानं म्हातारी?”

“नवरी डावीकडून चढेल ना? फोटोही तिकडूनच निघतील. चांगली चाकं डावीकडे लावू, ही उजवीकडे. लग्नानंतर ही दोन पाठवा, पुन्हा मुलामा होईल. पण तो खर्च तुमचा.”

नानांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, “कर.”

तिने आधी खायचा सोडा पाण्यात कालवून दोन्ही खराब चाकं धुतली, कारण पोपड्यांखाली अडकलेलं अॅसिड अजून खात राहिलं असतं. मग हितेंद्रला जॅक लावायला सांगितलं. एकेक चाक उतरलं, जागा बदलून चढलं. डावी बाजू झगझगीत झाली. कामिनी फडक्याने बोटांचे ठसे पुसत होती.

हितेंद्र नट आवळता आवळता म्हणाला, “आता तरी सांग ताई. मुलामाच कच्चा होता ना? शेजारधर्म म्हणून कुणाला सांगत नाही.”

ट्रकवाले हसले. कामिनी पुसत राहिली. खरं कारण तिला ठाऊक होतं, आणि ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मळा नानांचा होता, चूक नानांची होती. ती बोलली असती तर ती फक्त दुकानदाराची सारवासारव ठरली असती. तिने मान वर न करता चाकाची कड पुसली.

नाना खाकरले.

“मुलाम्याले काही झालं नाही रे. म्याच ठिबकचं अॅसिड मारलं. लाइट असती तं चारही गेली असती.” मग ट्रकवाल्यांकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, “हे उजव्या अंगचं पाह्यलं का? अॅसिडनं असं होते. आनि हे डाव्या अंगचं पोरीचं काम. कोनी पुसलं तं दोन्ही दाखवा.”

हितेंद्रचा पाना नटावरच थांबला. मग त्याने हळूच विचारलं, “ताई, मोटरसायकलच्या सायलेन्सरलाही तसंच होतं का?”

“कधी मारलं?”

“परवा. नानांनीच सांगितलं होतं, नळ्यांतला क्षार अॅसिडने एकदम भारी निघतोय म्हणून.”

नाना लगबगीने गाडीत बसले.

“पाणी तरी मारलंस ना नंतर?” कामिनीने विचारलं.

“अर्धवट.”

“आण इकडे. सोड्याचं पाणी अजून बादलीत आहे.”