थुंकणाऱ्या माशांचं टोपण

सुतारखान्यात दोन गोष्टी कुणी मुद्दाम करत नाही. भुसा आणि किस्से! काम चालू असतं आणि दोन्ही आपोआप साचत जातात. भुसा संध्याकाळी झाडून टाकता येतो. किस्से मात्र डोक्यात ठाण मांडून बसतात आणि चार मित्र चहाला जमले की बाहेर पडतात. माझे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. हसा बापडे! मला मात्र ते सांगताना आजही राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

गोष्ट पन्नास-साठ सालच्या दरम्यानची. चिंचवडच्या आसपास तेव्हा कुठे कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या होत्या, निगडीकडे नुसता माळ होता. आमची कंपनी इंजेक्शनच्या बाटल्या भरायची. कंपनी छोटी होती आणि आता तिचा मागमूसही नाही, म्हणून नाव सांगत नाही. मी तिथल्या सुतारखान्याचा मुकादम, सगळे अण्णा म्हणायचे. हाताखाली दोघे. मालवणकडचा पेडणेकर, तो टेंपरवारी. आणि चिंचवड गावातला सोपान, तो पर्मनंट. आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅनेजर दामले साहेब. साहेबांना स्वच्छतेचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच!

* * *

शिमग्याची रजा संपवून पेडणेकर परत आला तो एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा घेऊन. बोटीतून मुंबईला, मुंबईहून रेल्वेने, असा तो डबा त्याने मांडीवर घेऊन आणला होता. आत खाडीचं पाणी आणि पाण्यात बोटाएवढे चपटे मासे, अंगावर काळे पट्टे.

"खायला आणलेस होय रे?" मी विचारलं.

"खायला नाय अण्णा, बघायला!"

त्याने डब्याच्या काठाला आतून गूळ लावला. त्यावर माशी बसली. एक मासा वर आला, तोंड जरासं पाण्याबाहेर काढलं आणि सप्पकन पिचकारी मारली. माशी पाण्यात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत माशाच्या पोटात!

सोपान बघतच राहिला. "आयला! ह्यो तर आमच्या चुलत्यावानी थुकतोय की! पर चुलत्याचा नेम लागत न्हाई!"

नेमके दामले साहेब तेव्हा दारात उभे होते. त्यांना मुंबईचे शेट आठवले. शेट म्हणजे कंपनीचे मालक, आणि त्यांना मासे पाळायचा भारी नाद. साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं, व्हिजिटर हॉलमध्ये काचेची मोठी टाकी ठेवायची, हे मासे तिच्यात सोडायचे आणि शेट आले की शिकार दाखवायची.

"पण इंजेक्शनच्या कंपनीत किडा मोकळा फिरता कामा नये," साहेब म्हणाले. "टाकीवर असं बंद टोपण करा, की किडा बाहेर नाही आणि मासाही बाहेर नाही." मग पेडणेकरकडे वळून, "टोपण मला पसंत पडलं की तुला पर्मनंट करून टाकू."

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं. पेडणेकरला ते सहज नव्हतं. त्याने बायकोला आणि लहान मुलीला एकदा इकडे आणलं होतं, चिंचवडगावात खोलीही घेतली होती. कंपनीने त्याला ब्रेक दिला, म्हणजे मधेच काही दिवस कामावरून कमी केलं, आणि दोघींना परत गावाला धाडावं लागलं. तेव्हापासून त्याची एकच शपथ होती, पर्मनंट झाल्याशिवाय त्यांना पुन्हा आणायचं नाही. मुलगी त्याला विसरत चालली होती. या शिमग्याला ती त्याला बघून आईच्या पदराआड लपली, हे त्याने मला रंधा मारता मारता सांगितलं. मान वर न करता.

* * *

पहिलं टोपण साहेबांच्या मर्जीने झालं.

आम्ही म्हणत होतो की पाण्याच्या वर हातभर उंच मोकळी जागा हवी. तिथे फांदी बांधायची, फांदीवर किडा सोडायचा, म्हणजे मासा नेम धरेल. साहेब म्हणाले, "उंच टोपण हॉलमध्ये शोभणार नाही. डब्याचं झाकण असतं तसं चपटं करा."

केलं चपटं! आता किडा बसणार कुठे? तो झाकणाला खालून चिकटायचा, पाण्यापासून जेमतेम चार बोटांवर. एवढ्या जवळ असल्यावर हा मासा पिचकारी मारत बसत नाही, सरळ उडी घेतो. दिवसभर हॉलमध्ये आवाज चालू. टक्! टक्! मासे झाकणावर डोकी आपटत होते. पेडणेकर दर आवाजाला दचकायचा.

शेवटी मी साहेबांकडे गेलो. "साहेब, मासे उड्या मारतात. टोपण उंच करावं लागेल."

साहेबांनी कागदावरची नजरही वर उचलली नाही. "टोपण ठीक आहे. माशांना उड्या मारू देऊ नका."

* * *

माशांना किडे पुरवायचं काम सोपानचं. थेरगावात त्याच्या सासऱ्याचा मळा होता. तिथले नाकतोडे धरून, भोकं पाडलेल्या डब्यात घालून तो कामावर आणायचा.

आमच्या गेटवर बाहेर जाणाऱ्या माणसाची झडती व्हायची, आत येणाऱ्याची नाही. पण त्या दिवशी पहारेकऱ्याला संशय आला. "डब्यात काय आहे?"

"नाकतुडं."

"थट्टा करतोस? उघड!"

"नगं उघडू राव. कामाचं हायती."

पहारेकऱ्याने स्वतःच डबा हिसकावून उघडला. पुढचं काय सांगू! त्याच्या टोपीवर नाकतोडे, टेबलावर नाकतोडे, आणि बरोबर त्याच वेळी साहेबांची गाडी गेटातून आत. एक नाकतोडा गाडीच्या काचेवर जाऊन बसला.

मला केबिनमध्ये बोलावणं आलं. "अण्णा, तुमची माणसं कंपनीत किडे आणतात?"

"साहेब, तुम्हीच सांगितलंत. माशांना शिकार..."

"मी मासे ठेवा म्हटलं. किडे आणा असं मी कधी म्हटलं?"

मी बाहेर आलो आणि हातातली पटाशी भिंतीवर हाणली. तिचा दांडा तुटला. तो बदलायला मलाच बसावं लागलं.

* * *

दुसरं टोपण आम्ही न विचारता उंच केलं. सागवानी चौकट आणि चारी बाजूंनी बारीक तारेची जाळी, कॅन्टीनच्या दूधकपाटाला असते तसली. आत बाभळीची फांदी. मासे खूष! सपासप पिचकाऱ्या, टपाटप नाकतोडे. पेडणेकरने गावाला निरोपही धाडून दिला, तयारीत राहा म्हणून.

मग एक दिवस बाटल्या भरायच्या खोलीत एक बारका किडा सापडला. काम बंद, खोली बंद, सगळीकडे औषध फवारणी! तो किडा चिमट्यात धरून साहेबांनी सोपानसमोर नाचवला.

"हा तुझा आहे का?"

सोपानने वाकून नीट पाहिलं. "सांगता येत न्हाई साहेब. आमी त्यांस्नी नावं ठेवली न्हाईत."

मला हसू आवरेना. पेडणेकर मात्र हसला नाही. साहेबांनी त्याच दुपारी जाळी उचकटायला लावली आणि फर्मान काढलं, आता सगळं काचेचं हवं. पेडणेकरने गावाला दुसरा निरोप धाडला. एवढ्यात निघू नका.

* * *

तिसरं टोपण म्हणजे पेडणेकरच्या हातचं देखणं काम. चारी बाजूंना काच, फटींत लुकण भरून घट्ट बसवलेली. हवेसाठी वर भोकं आणि त्यांना आतून मलमल. किडे सोडायला बाजूला सरकती खिडकी, हाताच्या पंजाएवढी. पाण्याची वाफ काचेवर धरायची, म्हणून त्याने भोकं कुठे पाडायची ते बदलून बदलून ती वाफही घालवली. टाकीतलं पाणी खाडीसारखं राहावं म्हणून तो कॅन्टीनमधून खडेमीठ आणून घालायचा आणि चाखून बघायचा. रोज! बघणारा तोंड वाकडं करायचा.

तेवढ्यात शेट येणार अशी बातमी आली. आता आमच्या कंपनीत व्हिजिट म्हटली की माणसांचे हात आपोआप चालायला लागायचे. जंतू मारायच्या फॉर्मेलिनमध्ये भिजवलेला फडका घ्यायचा आणि दिसेल ते पुसायचं. दार पुसा, टेबल पुसा, खुर्चीचे पाय पुसा. सांगावं लागत नसे. सोपान फडका घेऊन हॉलमध्ये आला, खुर्च्या पुसल्या, आणि त्याच ओघात खिडकीतून हात घालून टोपणही आतून लख्ख पुसून काढलं. आणि जाताना खिडकी लावून टाकली.

बंद काचेत तो वास कोंडला. दुपारपर्यंत फांदीवरचे नाकतोडे सगळे मेले. आणि माशांपैकी दोन उताणे तरंगत होते.

सोपान कपाळावर हात मारून खालीच बसला. पेडणेकर बादली आणायला धावला. पाणी बदलून बाकीचे मासे त्याने कसेबसे वाचवले. पण मला सहन होईना. मी साहेबांकडे जाऊन म्हणालो, "साहेब, या पुसापुशीने मासे मेले!"

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे टोपण आता पूर्ण निर्जंतुक आहे?"

तुम्ही हसताय. मी त्या माणसाच्या टेबलासमोर उभा होतो!

* * *

शेट यायच्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना गेटपाशी उभं केलं आणि हुकूम सोडला. "टेंपरवारी माणसांनी आज कशालाही हात लावायचा नाही. चूक झाली तर जबाबदार कोण? नुसतं उभं राहायचं." पेडणेकर रांगेत होता. त्याने मान डोलावली.

शेट आले. पांढरं धोतर, सोनेरी काडीचा चष्मा, बरोबर मुंबईचे दोन पाहुणे. व्हिजिटर हॉलमध्ये टाकी बघून शेट जागीच थबकले. "वा, दामले! हे कुणी केलं?"

"मी स्वतः, शेट! म्हणजे डिझाइन माझं. महिनोन् महिने मागे लागून करून घेतलं."

माझ्या कानांतून वाफ निघाली असेल. पेडणेकर माझ्या आणि सोपानच्या मधे भिंतीला पाठ लावून उभा होता. नुसता उभा. सांगितल्याप्रमाणे.

"शिकार दाखवा की मग!" शेट म्हणाले आणि खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसले.

फांदी रिकामी होती. किड्यांचा डबा टोपणाच्या खिडकीजवळ स्टुलावर ठेवलेला होता. साहेबांनी डबा उचलला, झाकण जरासं सरकवलं. आतून एक भलामोठा नाकतोडा वर आला आणि त्याने साहेबांच्या बोटावर पाय ठेवला. साहेबांनी डबा असा काही खाली ठेवला, की जणू विस्तवच हाती आला होता.

"सोपान!" साहेब म्हणाले. "किडा सोड."

सोपान पुढे आला नाही. "साहेब, त्या दिशी माझ्या हातनं चूक झाली. तवापासनं मी त्या टोपणाला हात लावत न्हाई."

"अण्णा, तुम्ही."

मी म्हणालो, "साहेब, डिझाइन तुमचं. आमच्याकडून काही बिघडायला नको." बोललो आणि फार बरं वाटलं. आजही वाटतं.

शेट घड्याळ बघायला लागले. एक पाहुणा जांभई देत होता. मासे सगळे पाण्याच्या वरच्या थरात येऊन, तोंडं वर करून वाट बघत होते.

साहेब घाईघाईने पेडणेकरपाशी आले. कपाळावर घाम. "पेडणेकर, टाक रे किडा. लवकर!"

पेडणेकरने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी टेंपरवारी, साहेब. सकाळीच सांगितलंत, कशाला हात लावायचा नाही."

साहेबांनी एकदा शेटकडे पाहिलं. मग पेडणेकरच्या कानाशी तोंड नेऊन दातओठ खात पुटपुटले, "केलं तुला पर्मनंट! आजपासून! आता टाक!"

पेडणेकरचे हात पाठीमागेच राहिले.

"जरा मोठ्यानं बोला, साहेब," तो म्हणाला. "शेटांनाही ऐकू जाऊ दे."