वाळलेला लव्हाळा

"गवताला इचारा," एवढं म्हणून त्या पदर कमरेला खोचायच्या, आणि समोरच्याचं बोलणं तिथंच संपायचं.

नायगावकडच्या आमच्या गावात खुरपणाऱ्या बायकांची टोळी त्यांची. पंधरा बायका, पंधरा खुरपी आणि गावातल्या प्रत्येक रानाची खडान्‌खडा माहिती. सगळे त्यांना मुकादमीणबाई म्हणत. मी शेतकरी गटाच्या गोदामात सोयाबीनची खरेदी पाहतो. मला खुर्ची आहे, पंखा आहे, शेतीचं ज्ञान मात्र बेताचं. हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं. "सर, तुम्ही बसूनच राहा. उभं राहिलं की चुकता," म्हणाल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपला अपमान होतो आणि आपणच चहा सांगतो.

त्या वर्षी गटाला परदेशात माल पाठवायची पहिलीच संधी आली. अट एकच. जनुक बदललेल्या, तणनाशक पचवणाऱ्या बियाण्याचा माल त्यात नको. आपल्याकडे त्या बियाण्याला परवानगीच नाही, तरी कुठून कुठून येतं. नमुन्यात सापडलं तर अख्ख्या गावाचा ट्रक परत. त्या ट्रकात बाईंच्या दीड एकराचाही माल जाणार होता. जन्मभर दुसऱ्यांची रानं खुरपून हे रान त्यांनी नुकतंच स्वतःच्या नावावर केलं होतं.

श्रावणात मी एका रानावर भाळलो. गवताची हिरवी काडी नाही. मालकाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि 'आदर्श शेत' असं लिहून गोदामात लावला. मालक म्हणजे बाईंचे व्याही, लेकीचे सासरे. गावातलं वजनदार माणूस.

बाई फोटो पाहत राहिल्या. "यंदा व्याह्यांनी आमाला बोलावलं न्हाई. मग गवत कुणी काढलं?"

"तणनाशक मारलं असेल. सगळेच मारतात."

"त्या नेहमीच्या औषधानं लव्हाळा मरत न्हाई. आन लव्हाळा मरंल असलं औषध मारलं, तर सोयाबीनबी जळतंय. मी काल बांधावरून आले. लव्हाळा वाळून गेलाय आन सोयाबीन नवरीवाणी हिरवं हाय. गवताला इचारा, सर."

मला परदेशी मालाची अट आठवली. मी फोटो उतरवला.

पण व्याह्यांना बोलणार कोण? लेक त्या घरात नांदते. दुसऱ्या दिवशी बाई अख्खी टोळी घेऊन त्यांच्या बांधावर बसल्या. मीही गेलो, बायकांच्या आडोशाला.

"व्याही, रुसलात का? यंदा बोलावणं न्हाई."

"गवतच न्हाई तर बोलावून काय करू?"

बाईंनी वाळका लव्हाळा उपटून फुलासारखा त्यांच्या हातावर ठेवला. व्याह्यांनी तो पाहिला, पंधरा बायका पाहिल्या, आवाज खाली आणला. "मोटारसायकलवर एक जण आला होता. पिशवीवर नाव न्हाई, गाव न्हाई. विहीणबाई, कुठं बोलू नका."

"न्हाई बोलत. तुमचं सोयाबीन मशीनवर शेवटी काढा, आन बी म्हणून एक दाणा ठेवू नका."

हे 'शेवटी' त्यांना फार लागलं. मळणीयंत्र रानोरान फिरतं, त्याच्या पोटात आधीच्या रानाचे दाणे अडकून राहतात, हे त्यांनाही कळत होतं. पण गावात मळणीचा पहिला नंबर त्यांचा, वडिलांपासूनचा. शेवटी गेले तर लोक कारण विचारणार.

आता बाईंची करामत ऐका. त्यांनी गावभर सांगितलं, की व्याह्यांनी यंदा लहान शेतकऱ्यांसाठी आपला पहिला नंबर सोडला. मारुतीच्या पारावर शाल, नारळ, हार. भाषणाला मला उभं केलं. "खरं बोलू नका आन लांबवू नका," कानाशी म्हणाल्या. मी त्यागावर वीस मिनिटं बोललो. व्याही शालीत घामाघूम. सगळ्यांत जोरात टाळ्या विहीणबाईंच्या.

व्याह्यांचा माल वेगळा निघाला, वेगळ्या गाडीनं तेलाच्या कारखान्यात गेला. मग ट्रकचा दिवस आला. तपासणीवाल्यानं गावाच्या पोत्यांतले दाणे दळून पाण्यात कालवले आणि त्यात कागदी पट्टी बुडवली. एक रेघ उमटली तर माल जाणार, दोन उमटल्या तर परत. बाई पाठ फिरवून उभ्या.

"किती?"

"एक."

"थांबा जरा. दुसरी उशिरा येत असंल. माझी धाकटी लई उशिरा आली."

तपासणीवाला हसला, पण थांबला. एकच राहिली.

पोत्यांवर मालकांची नावं लिहिली होती. इतक्या वर्षांत बाईंचं नाव मी तिथं पहिल्यांदा वाचलं. त्यांनी हमालाकडून आपलं पोतं सगळ्यांत वर ठेवून घेतलं. ड्रायव्हर ताडपत्री ओढायला लागला तशा म्हणाल्या, "बाबा, थोडी मागं सार. नाव झाकतंय."

तो कुरकुरला, पण वीतभर सारली. ट्रक सडकेला लागला. बाईंना वाचता येत नव्हतं. तरी वळणापर्यंत, कपाळावर आडवा हात धरून, त्या आपलं नाव पाहत उभ्या होत्या.