नाकात तोफ नसलेलं विमान

माझ्या बायकोच्या काकांचा या जगात कशावरही विश्वास नाही. दुधाच्या कॅनवरची तारीख, फोनमधलं हवामान, डॉक्टरांनी मोजलेलं ब्लडप्रेशर, सगळेच त्यांच्या लेखी संशयित आरोपी. आणि लढाऊ विमानं नि त्यांचे वैमानिक म्हटले की काका हात धुऊनच मागे लागतात. पहिल्या महायुद्धातल्या त्या लाल विमानवाल्या जर्मनाने म्हणे ऐंशी विमानं पाडली. "मोजायला कोण गेलं होतं?" इति काका. आपल्या चिमुकल्या नॅट विमानाने पासष्टच्या लढाईत पाकिस्तानचं सेबर लोळवलं हे ऐकून त्यांची छाती फुगते खरी, पण लगेच, "आपणच सांगायचं, आपणच ऐकायचं! समोरच्यांचं काय म्हणणं आहे ते बघा." देशभक्तीलाही सूट नाही!

आम्ही ओहायोत डब्लिनला राहतो. तिथून सव्वा तासावर विमानांचं मोठं म्युझियम आहे आणि काकांना तिथे ड्राइव्ह करून नेणं हे जावई म्हणून माझ्या कपाळी लिहिलेलं आहे. आत शिरले की काका वाकून मस्टँग विमानाच्या पोटाखाली बघणार. "रिव्हेट नवीन दिसतायत. हे मूळ विमान नव्हेच." कॉकपिटखाली, पाडलेल्या एकेका विमानामागे एक असे छोटे झेंडे रंगवलेले असतात, ते बोटांनी मोजून शेजारच्या बोर्डाशी ताडून बघणार. चूक सापडली की सूचनांचं कार्ड भरून पेटीत. ट्रॉयला मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते, खोट काढल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. त्यांच्या संगतीने मीही बिघडलोय. परवा कॅफेटेरियातल्या सूपकडे उगाचच डोळे बारीक करून बघत होतो.

गेल्या महिन्यात फँटम विमानापाशी व्हॉलंटियरचं जाकीट घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. व्हिएतनामच्या लढाईत आपण हेच मॉडेल उडवलं आणि नाकातल्या तोफेने मिग पाडलं, असं सांगत होते. काका माझ्या कानाशी आले. "थापाड्या! या मॉडेलला नाकात तोफ नव्हतीच. ती नंतरच्या मॉडेलला आली." पाच मिनिटांत कार्ड पेटीत पडलं: हा माणूस वैमानिक नाही, तोतया आहे.

आम्ही निघालो तर त्या गृहस्थांच्या बायकोने आम्हाला दारात गाठलं. काकांना कार्ड लिहिताना तिने पाहिलं होतं. म्हणाली, "तो खराच वैमानिक होता. मिगही त्यानेच पाडलं, पण क्षेपणास्त्राने. वर्षभर त्याच्या डोक्यात सगळं एकमेकांत मिसळतंय. तक्रार गेली तर ते त्याला घरी बसवतील. सकाळी उठतो तो फक्त इथे येण्यासाठी."

आता काका तिच्याकडे पुरावा मागणार, या विचाराने मला घामच फुटला. पण ते मागे फिरले आणि त्यांनी दुसरं कार्ड भरलं. "मघाची माझी तक्रार खोटी. दोन मॉडेलांत गल्लत माझीच झाली. गृहस्थ उत्तम माहिती देतात." खाली सही, फोन नंबर. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चूक कबूल केली, तीही न केलेली!

परतताना गाडीत काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परवा तुझ्या काकूचं नाव मला आठवेना रे. मिनिटभर. समोर उभी होती ती."

मी गाडीचा वेग थोडा कमी केला.

"हे वाढत गेलं आणि मी काही भलतंसलतं सांगायला लागलो, तर चारचौघांत दुरुस्त करू नकोस. नुसतं हो म्हण."

"हो," मी म्हटलं.