गुरूच्या पुढे चालणारा दगड

अक्काच्या लग्नाला गुरुबळ नव्हतं, ते मी मिळवून दिलं. हे फुशारकी म्हणून लिहितेय की कबुली म्हणून, माझं मलाच कळत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीला मामाकडे राहून शिकत होते. घर इंदापूरच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची पिकवणारं. निमगाव केतकीच्या एका स्थळानं माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पसंत केलं. पण पत्रिका पाहून भटजींनी मान हलवली. गुरू अक्काच्या राशीपासून बारावा, म्हणजे अशुभ. मुलीला गुरुबळ नसेल तर अक्षता टाकायच्या नाहीत, हा आमच्याकडचा रिवाज. गुरू एका राशीत वर्षभर बसतो, म्हणजे चांगल्या घरात यायला त्याला दोन वर्षं हवीत. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. तात्या, म्हणजे आमचे वडील, धड जेवेनात. अक्का गप्प. मला वाटलं, बिचारी आतल्या आत झुरतेय.

त्याच सुमारास शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं की, गुरूच्याच वाटेवरून काही दगड सूर्याभोवती फिरतात. काही त्याच्या पुढं, काही मागं, वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाएवढं अंतर राखून. ते तसेच कसे राहतात हे माझ्या डोक्यावरून गेलं. पण बारा राशींचा सहावा हिस्सा म्हणजे दोन राशी, एवढं मला कळलं. गुरू बारावा, तर पुढचा दगड दुसऱ्या घरात. आणि दुसरा गुरू तर शुभ.

सुट्टीला घरी आल्यावर मी हे तात्यांना सांगितलं, तात्यांनी मला भटजींसमोर उभं केलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते बोटांची पेरं मोजत बसले आणि गंभीरपणे विचारलं, मागचा दगड दहावा येतो, त्याचं काय? दहावा गुरू पूजेनं निभतो हे मला ऐकून माहीत होतं. म्हटलं, त्याची पूजा करा. आता वाटतं, तात्यांना आणि भटजींना कुणीतरी वाट दाखवायला हवीच होती, मग ती दगडांची का असेना. पूजा झाली, तिथी धरली. मी घरभर मिरवत होते.

हळदीच्या दिवशी अक्काचे केस विंचरताना मी तिला म्हटलं, माझ्यामुळं जमलं बरं का. तिनं माझ्या हातातली फणी काढून घेतली.

"दोन वरसं मिळाली हुती मला," ती म्हणाली. "एवढ्यात जायाचं न्हवतं हितनं. तू कुठनं दगड आनलास गं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?"

मीही विचारलं नव्हतं. बाहेरून तात्या मला हाका मारत होते आणि उठावं की तिच्यापाशी बसावं, मला काही सुचेना.